मंडळाची कॅसिनो नाईट आणि माझी चाळीस मिनिटं

११ जानेवारी, रविवार

तोंड बंद ठेवायचं असं ठरवून कमिटीच्या मीटिंगला गेलो होतो. अर्धा तासही जमलं नाही.

यंदा मराठी शाळेच्या मदतीसाठी आमचं मंडळ 'कॅसिनो नाईट' करणार. २८ फेब्रुवारी, शनिवार. खोट्या नोटा, भाड्याची टेबलं, जिंकेल त्याला पैठणी नाहीतर मिक्सर. ही प्रीताची कल्पना. प्रीता आमची कल्चरल सेक्रेटरी, वय अडतीस, उत्साह अठराचा. मुलांना बाराखडी शिकवायला रुलेट कशाला लागतं, हे विचारायला मी उठलो आणि तोंडातून निघालं भलतंच. म्हणालो, "करायचंच असेल तर लोकांना या खेळांचा इतिहास तरी कळू दे. मी बोलतो त्यावर. चाळीस मिनिटं."

मग अध्यक्ष राजीव म्हणाला, "वॉव काका, तुम्हाला यातलं माहितीये?"

माहितीये म्हणजे काय! गेल्या जूनपासून लायब्ररीतून चौदा पुस्तकं आणून वाचलीत. एकतीस वर्षं गाड्यांचे गिअरबॉक्स डिझाइन केले, आता रिटायर होऊन हे. सुलेखा विचारते, कशासाठी एवढं? मी सांगतो, शत्रूचा अभ्यास.

शत्रू कोण, ते इथेच लिहितो, कारण दुसरीकडे बोलायची सोय नाही. आमची केया, अठ्ठावीस वर्षांची, इथे ॲन आर्बरलाच युनिव्हर्सिटीत स्टॅटिस्टिक्समध्ये पीएचडी करत होती. पत्ते किती वेळा पिसले म्हणजे नीट मिसळतात, असा काहीतरी विषय. चौथ्या वर्षी सगळं सोडलं आणि डेट्रॉइटच्या एका कॅसिनोत डीलर झाली. टेबलामागे उभं राहून लोकांना पत्ते वाटते. जूनमध्ये मी तिला म्हणालो, "माझी मुलगी जुगाराच्या अड्ड्यावर पत्ते वाटते, हे मी चारचौघांत कोणत्या तोंडाने सांगू?" ती म्हणाली, "देन डोन्ट टेल देम, बाबा."

मग नाही सांगितलं. मंडळात कोणी विचारलं की म्हणतो, पीएचडी चालू आहे, फार बिझी असते. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. किंवा मी तिच्याशी. आधी कोण थांबलं, यावर सुलेखाचं आणि माझं एकमत नाही.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. बाहेर उणे चौदा आणि घरात गोड बोला. सुलेखाने तिळगुळाचे दोन डबे केले. एक आमचा. दुसरा कुणाचा म्हटलं तर, "आहे एक ओळखीचं." असेल कोणी तिच्या योगाच्या क्लासमधली.

केयाचा फोन नाही. दर वर्षी सकाळी सातला करायची आणि मुद्दाम चुकीचं म्हणायची, तिळगूळ द्या, मी गोड बोलते. मीही केला नाही. मोठ्यांनी आधी करायचा अशी पद्धत आहे का कुठे?

भाषणाची सुरुवात मात्र जमली. सतराव्या शतकातला एक थोर फ्रेंच गणिती कायम फिरत राहणारं यंत्र बनवायला बसला; ते झालं नाही, पण त्याच्या खटपटीतून रुलेटचं चाक जन्मलं. व्वा! माझ्यासारख्या गिअरवाल्याने याहून चांगलं काय सांगावं! आणि पुढे लगेच: रुलेटवरच्या एक ते छत्तीस आकड्यांची बेरीज सहाशे सहासष्ट. ख्रिश्चन लोक त्याला सैतानाचा आकडा म्हणतात. इथे दोन सेकंद थांबायचं.

२२ जानेवारी, गुरुवार

प्रीताचा फोन. "काका, चाळीसचं वीस होईल का? मुलांचा डान्स वाढलाय."

वीस! अहो, दोन शून्यांनाच वीस लागतील. १८४३ साली जर्मनीतल्या होम्बुर्ग गावी दोघा फ्रेंच भावांनी चाकावरचं एक शून्य काढून टाकलं, गिऱ्हाईक ओढायला. युरोपात तेच रुजलं. अमेरिकेने मात्र दोन्ही शून्यं ठेवली. जुन्या काही अमेरिकन चाकांवर तर शून्य, दोन शून्यं आणि वर एक गरुडसुद्धा होता, म्हणजे गोळी पडली की पैसे मालकाचे, असे तीन खण. एका शून्याने मालक शंभरातले दोन-सत्तर खातो, दोन शून्यांनी पाच-सव्वीस. हे लोकांना कळायला नको?

"वीस तर वीस," म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

संध्याकाळी सुलेखासमोर तालीम केली. ती थालीपीठ थापत होती. फ्रेंच गणित्याची गोष्ट संपल्यावर ती म्हणाली, "अहो, त्याला पुरावा नाहीये म्हणे. तो ज्या रुलेटवर लिहायचा ते जुगाराचं चाक नव्हतंच. गाडीचं चाक फिरताना त्याच्या कडेवरचा ठिपका जी रेघ काढतो ना, तिला तेव्हा रुलेट म्हणायचे. सायक्लॉइड."

सायक्लॉइड! ही बाई बँकेत क्लार्क होती. मेंढीकोट खेळताना हुकूम कोणता ते चारदा विचारते. म्हटलं, "तुला कोणी सांगितलं?"

"वाचलं कुठेतरी."

पुस्तकं काढून बघितली. बरोबर निघालं तिचं. जेवण गेलं नाही. सुरुवातच गेली ना माझी.

२९ जानेवारी, गुरुवार

दिवसभर फोन कंपनीशी डोकेफोड. सुलेखा हल्ली दुपारी अडीचला गॅरेजमध्ये जाऊन गाडीत बसते आणि वीस मिनिटं फोनवर बोलते. इतक्या थंडीत! विचारलं तर म्हणे घरात रेंज येत नाही. मला येते, तिला का येऊ नये? कंपनीच्या बाईने तपासून सांगितलं की सिग्नल फुल आहे. मी म्हटलं, मॅडम, माझी बायको गॅरेजमध्ये कुडकुडतेय, तुमचा सिग्नल फुल कसा? चाळीस मिनिटं भांडलो. (इथे मात्र चाळीस मिळाली.) शेवटी सुलेखानेच फोन काढून घेतला आणि म्हणाली, "पुरे करा हो. मला आवडतं गाडीत बसायला."

असेल. साठीनंतर माणसं बदलतात म्हणतात.

३ फेब्रुवारी, मंगळवार

वीसचं दहा. कारण: स्पॉन्सरचा व्हिडिओ. राजीव म्हणाला, "काका, शॉर्ट अँड स्वीट." मी आयुष्यात शॉर्ट नव्हतो आणि स्वीट तर नाहीच.

दहा मिनिटांत काय सांगू? स्लॉट मशीन की फासे? सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका जर्मन मेकॅनिकने तीन फिरत्या चाकांचं यंत्र केलं, त्यावर नाल आणि घंटा. पुढे कायद्याने जुगाराला बंदी आली, तर यंत्रवाल्यांनी पैशांऐवजी फळांच्या चवीचं च्युइंगगम द्यायला सुरुवात केली. चेरी आणि लिंबं तेव्हापासूनची. लोकांना वाटतं नुसती शोभा आहे. आणि फासे! आपल्या समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात असते, पण मोहेंजोदडोच्या बऱ्याच फाशांवर एकासमोर दोन, तीनसमोर चार. पुढे वेदकाळात फाशांऐवजी बेहड्याच्या बिया. हे टाकायचं? आणि सावंतवाडीची गंजिफा? गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, एकशेवीस पानं. आपली माणसं ज्याला पाश्चात्त्य पाप म्हणतात ते आपल्याकडे लाखेचा हात देऊन रंगवत होते! हे मी टाकणार नाही. राजीवला काय करायचं ते करू दे.

रात्री जेवण झालं आणि सुलेखा टेबलावरून उठताना तिने एक टाळी वाजवली, दोन्ही तळवे वर केले, मग उलटे केले. मी म्हटलं, आता हे काय नवीन?

"डीलर टेबल सोडताना असं करतात. हातात चिप, म्हणजे पैशांची चकती, दडवली नाही हे वरच्या कॅमेऱ्याला दाखवायला. भाषणात घाला. छान दिसतं."

"हेही वाचलंस?"

"हो."

छान दिसतं म्हणाली. वाचलेलं दिसतं कसं, हे विचारायचं राहिलं.

८ फेब्रुवारी, रविवार

भाषण रद्द.

प्रीता घरी आली, तेही नारळाच्या वड्या घेऊन, तेव्हाच मी ओळखलं. म्हणाली, "काका, आजकाल कोणी ऐकत नाही हो. आपण असं करू, प्रत्येक टेबलावर तुमच्या माहितीची कार्डं ठेवू. वर क्यूआर कोड. ज्याला इंटरेस्ट आहे तो स्कॅन करेल. तुमची तीन मिनिटं मात्र फिक्स. जेवणाच्या आधी."

तीन मिनिटं! म्हणजे बटाटेवडे तळून होईस्तोवर हा म्हातारा उभा करा. वडी खाल्ली. चांगली होती, त्यानेच जास्त राग आला.

आठ महिने वाचलं ते कोणासाठी, असा प्रश्न पडला. शत्रूचा अभ्यास म्हणतो खरा. पण एखादी गोष्ट सापडली की पहिल्यांदा मनात येतं, हे केयाला माहीत असेल का. १९५०च्या दशकात मेरीलँडच्या लष्करी तळावर चौघा तरुणांनी रिकाम्या वेळात, हिशेबाच्या साध्या यंत्रांवर महिनोन्‌महिने आकडेमोड केली आणि ब्लॅकजॅकमध्ये पत्ता कधी मागावा, कधी थांबावं याचा तक्ता काढला. आज कॉम्प्युटरने तपासला तरी जवळजवळ बरोबर. ते वाचल्यावर मी तिचा नंबर काढला होता. मग ठेवून दिला.

चोवीस कार्डं छापली. सुलेखा म्हणाली, "द्या इकडे, लॅमिनेट करून आणते."

१२ फेब्रुवारी, गुरुवार

कार्डं परत आली. लॅमिनेट केलेली नाहीत. प्रत्येकावर पेन्सिलने खुणा.

"पुरावा कमी आहे, 'म्हणतात' असं लिहा." "बॅकरा पंधराव्या शतकातला इटालियन खेळ: ही ऐकीव कथा, कागदोपत्री एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच." "पत्ते सात वेळा पिसले की पुरे. सहाला जुना क्रम अजून ओळखू येतो." सगळं इंग्रजीत, बारीक अक्षरात. मी भडकलो. म्हटलं, सुलेखा, माझ्या कार्डांना हात लावायला कोणा प्रोफेसरला दिलीस?

मग ते 'सात' दिसलं. सातच्या पोटात आडवी रेघ. एक आणि सात यांचा घोटाळा नको म्हणून ड्रॉइंग ऑफिसात आम्ही तशी काढायचो. या देशात तशी रेघ काढणारी एकच मुलगी मला माहीत आहे, कारण तिला पहिलीत मीच शिकवली आणि तिच्या टीचरने दोनदा चूक दिली होती.

सुलेखा समोरच उभी होती. म्हणाली, "लॅमिनेट केल्यावर चुका काढता येत नाहीत. म्हणून आधी दाखवून घेतली."

"म्हणजे ते गॅरेज. ती रेंज."

"हो. तिची सुट्टी तेव्हा असते."

काखेत कळसा आणि मी गावाला वळसा घालत होतो, आणि कळसा माझ्याच बायकोच्या काखेत! मी फोन कंपनीशी भांडत होतो तेव्हा हिला हसू कसं आवरलं? दोघींनी मिळून मला मूर्ख बनवलं. संध्याकाळभर बोललो नाही. सुलेखाने टीव्ही लावला आणि आवाज जरा मोठाच ठेवला.

१५ फेब्रुवारी, रविवार

गेलो. सुलेखाला सांगितलं, लायब्ररीत जातो. रविवारी लायब्ररीत कोण एवढं इस्त्रीचं घालून जातं, असं ती बोलली नाही, बघत मात्र राहिली.

चौऱ्याण्णव नंबरचा हायवे, रस्त्याच्या कडेला काळा बर्फ. कॅसिनोत शिरलो तर दुपारचे दोन वाजलेत हे सांगणारं घड्याळ नाही. ब्लॅकजॅकची टेबलं शोधत गेलो. तिसऱ्या टेबलामागे केया. काळा शर्ट, केस घट्ट बांधलेले. बारीक झालीये. मी खांबाआड उभा राहिलो आणि तिचे हात बघितले. एवढंच लिहितो की गिअर असे चालले पाहिजेत. एक हालचाल जास्त नाही, एक कमी नाही.

मग जाऊन तिच्या टेबलावर बसलो. दोन गोरे म्हातारे आणि एक बाई आधीच होती. काय बोलायचं ते हायवेवर पाठ केलं होतं. ते राहिलं बाजूला. मी शंभरची नोट काढून तिच्यासमोर धरली. बापाने पैसे द्यायला हात पुढे केला, तर मुलीने तो घेतला नाही! माझ्याकडे बघत राहिली. बोटाने टेबलाच्या कापडाकडे दाखवलं फक्त. सगळे बघतायत. मी नोट धरून तसाच.

तिने मान वळवली आणि मोठ्याने म्हणाली, "फ्लोर! धिस इज माय फादर. आय कान्ट डील टू हिम."

सूट घातलेला सुपरवायझर आला. अतिशय नम्रपणे मला म्हणाला की सर, दुसऱ्या टेबलावर बसाल का. वर म्हणाला की तुमची मुलगी दिवसपाळीतले सर्वांत चांगले हात आहेत. मी काय करू त्याचं? मुलगी पुढच्या गिऱ्हाइकाला पत्ते वाटायला लागली होती. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

बापाला भर टेबलावरून उठवलं. चाळीस मैल गाडी चालवत आलो, त्यातले वीस मोठ्याने बडबडत. ज्या मुलीला खांद्यावर बसवून आर्ट फेअर दाखवलं, तिला मला पत्ते वाटायचे नाहीत. ठीक आहे. माझ्याही बाजूने विषय संपला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

संपला नाही. सकाळी चहाला सुलेखाच म्हणाली, "काल तिने फोन केला होता. रडत होती."

"उठवलं मला आणि रडते काय?"

"अहो, नियम आहे तो. नात्यातलं कोणी टेबलावर बसलं तर त्याच क्षणी सांगावं लागतं. नाही सांगितलं तर नोकरी जाते. आणि नोट हातातून घ्यायची नसते. टेबलावर ठेवायची, कॅमेऱ्याला दिसेल अशी. चौदा पुस्तकांत हे नव्हतं?"

नव्हतं. निदान मला दिसलं नाही.

मी म्हटलं, "पण सगळ्यांसमोर एवढ्या मोठ्याने बोलायची काय गरज होती?"

सुलेखाने कप खाली ठेवला. "काय म्हणाली ती मोठ्याने?"

"म्हणाली, हे माझे वडील आहेत. यांना मी—"

"पहिलंच वाक्य पुन्हा म्हणा."

मी चहा ढवळत बसलो.

"तिने परक्या लोकांत, साहेबासमोर, ओरडून सांगितलं की हे माझे वडील. आणि तुम्ही आठ महिने मंडळात काय सांगताय, ते आठवा."

लाज वाटली. दिवसभर ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होतो. फारसा पडलाही नव्हता.

२१ फेब्रुवारी, शनिवार

कार्डं दुरुस्त करून पुन्हा छापली. तिच्या दोन हरकती मान्य नाहीत तरीही घेतल्या.

तीन मिनिटांत काय बोलायचं ते ठरेना. सहाशे सहासष्ट की दोन शून्यं? चार वेळा लिहिलं, चार वेळा फाडलं. खरं म्हणजे पहिलं वाक्य कोणतं असायला हवं ते मला माहीत आहे. राजीवची आई असेल, प्रीताचा नवरा असेल, अडीचशे माणसं असतील. ज्यांच्या मुलांची मेडिकलची पत्रं आली की पेढे वाटतात, अशी माणसं. मी स्वतः त्यांतलाच, केयाला युनिव्हर्सिटीत जागा मिळाली तेव्हा दोन किलो वाटले होते.

नाही जमलं तर दोन शून्यं आहेतच.

१ मार्च, रविवार

कालचं आज लिहितोय.

हॉल गच्च भरला होता. रुलेटभोवती झुंबड, खोट्या नोटांवरून खरी भांडणं. माझी कार्डं टेबलांवर होती. एकावर कोणीतरी चटणीची वाटी ठेवली होती. ती मी उचलली. स्कॅन करताना कोणी दिसलं नाही.

मग राजीवने माइक घेतला. "आता आपले उल्हासकाका! तुम्हाला माहितीच आहे, यांची केया इथेच स्टॅटिस्टिक्समध्ये पीएचडी करतेय. म्हणजे नंबर्स घरातच आहेत!"

टाळ्या. आठ महिने मीच पेरलेलं माझ्याच हातात आणून दिलं त्याने. मी माइक घेतला. पाठ केलेलं सगळं गेलं. म्हणालो, "राजीव, केया पीएचडी करत नाही. तिने सोडली. ती डेट्रॉइटला कॅसिनोत डीलर आहे, ब्लॅकजॅकच्या टेबलावर. तिथला साहेब म्हणतो, दिवसपाळीतले सर्वांत चांगले हात. मी तुम्हा सगळ्यांना खोटं सांगत आलो, कारण मला लाज वाटायची. तिची नव्हे, तुमची. या कार्डांवर अकरा चुका होत्या, त्या तिने काढल्या. जे बरोबर आहे ते तिचं आहे."

मागून कोणीतरी कुजबुजलं, "एवढं शिकवून शेवटी..." मी म्हटलं, "शेवटी काय? बोला ना, माइक देतो."

मग एक पोरगा ओरडला, "खऱ्या कॅसिनोत? आयला!" आणि प्रीता धावत आली, कमरेवर हात ठेवून. "काका, हे आधी सांगायचं ना! टेबलं शिकवायला आम्ही दुसऱ्याच कोणाला बोलावलं!" एवढंच. बटाटेवडे आले आणि सगळे तिकडे पळाले. ज्या गोष्टीच्या धाकाने मी मुलगी गमावून बसलो होतो, तिच्यापेक्षा यांना वडे गरम आहेत का याची जास्त काळजी! मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. संताप आला. आठ महिने, अरे!

सुलेखाने ते सगळं फोनवर रेकॉर्ड केलं होतं. मला न विचारता पाठवूनही दिलं.

आज दुपारी अडीचला माझा फोन वाजला. माझा. मी जेवणाच्या टेबलाशी बसलो होतो, सुलेखा समोर मटार सोलत होती.

"बाबा, इलेव्हन मिस्टेक्स? आय मार्क्ड थर्टीन."

"अकरा. दोन मला मान्य नाहीत, त्या मोजल्या नाहीत."

"विच टू?"

मग बॅकरावरून भांडलो. चांगली सात-आठ मिनिटं. ती म्हणते पुरावा नाही म्हणजे नाही, मी म्हणतो पुरावा सापडला नाही म्हणजे नव्हताच असं होत नाही. तिचा आवाज चढला, माझाही चढला. काय बरं वाटलं! मग दोघंही एकदम थांबलो. मी म्हणालो, "केया, जूनमध्ये मी बोललो ते फार वाईट बोललो. माझं चुकलं."

मागे कोणाचे तरी चमचे वाजत होते. मग म्हणाली, "हो. व्हेरी वाईट." आणि नाक ओढलं.

मी विचारलं, पुन्हा आलो तर चालेल का. नोट टेबलावर ठेवीन या वेळी.

"माझ्या टेबलावर नाही बसता येणार, बाबा. रूल इज रूल. पण समोर पेनी स्लॉट्सची रांग आहे ना, तिथल्या शेवटच्या खुर्चीवरून माझं टेबल नीट दिसतं. तिथे बसा." मग म्हणाली, "आई तिथेच बसते."

"आई? कधी?"

"एव्हरी वीक. सिन्स जुलै. पाच डॉलर्समध्ये अख्खी दुपार काढते ती. ओके, माझा ब्रेक संपला, जाते."

फोन ठेवला. सुलेखा मटारच सोलत होती, मान खाली घालून. जुलैपासून. योगाच्या क्लासला जाते सांगून दर आठवड्याला चाळीस मैल जायचं, चाळीस यायचं, आणि लेकीला लांबून बघत यंत्रासमोर बसायचं. आणि घरी येऊन माझं शत्रू-शत्रू ऐकायचं.

मीही एक शेंग उचलली. शेवटी म्हटलं, "सुलेखा, तिथे दोन खुर्च्या आहेत का शेजारी शेजारी?"

"आहेत," म्हणाली. "एकीवर मी पर्स ठेवते."